अंतोन मिस्त्रीचे कागद

बेळगुंदीतली म्हातारी माणसं रवळू मिस्त्रींना अजूनही ‘गोऱ्याचा रवळू’ म्हणतात. वय शहात्तर. कातडी उन्हानं रापून चारचौघांसारखी झालेली, पण डोळे घारे, आणि डोळ्यांना काही ऊन लागत नाही. त्यांचा बाप अंतोन मिस्त्री इटलीहून आलेला. संगमरवराचे रंगीत तुकडे सिमेंटात बसवायचे आणि घासून घासून आरशासारखी फरशी करायची, हा त्याचा धंदा. निपाणीच्या तंबाखूवाल्या व्यापाऱ्यांच्या घरांत त्यानं अशा फरश्या केल्या, तिथंच कामाला आलेल्या बेळगुंदीच्या नागुबाईशी संसार मांडला, आणि रवळू अकरा वर्षांचा असताना तो वारला. घरात एवढीच माहिती होती. आडनाव काय, गाव कुठलं, मागं कोण राहिलं, हे नागुबाईला विचारलं की ती चूल फुंकत म्हणायची, “त्यो सांगंना, मी इचारंना. झालं.”

रवळूंची मुलगी दिपाली बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होती. सासर हिंडलग्यात, आई गेल्यापासून दर रविवारी ती आप्पांकडं बेळगुंदीला यायची. आजोबांबद्दल तिला लहानपणी कुतूहल होतं, पुढं नोकरी-संसारात ते मागं पडलं. ते पुन्हा उकरून काढलं धाकट्या भावानं. रविराज दुबईत होता. एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

“आक्का, आजा इटलीचा व्हता हे कागदावर दाखवता आलं तर मला तिकडचा पासपोर्ट मिळायची वाट हाय. एक वकील भेटलाय. आजा-आजीपर्यंतचं नातं अजून चालतंय म्हणतोय. तू लायब्ररीत असतीस, तुला कागद बरोबर सापडतील.”

“लायब्ररीत पुस्तकं असतात रं,” दिपाली म्हणाली. “आजा नसतोय.”

पण दुसऱ्याच आठवड्यात ती बेळगावातल्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसली. आजोबांना पुरलं बेळगावात, एवढं आप्पांना आठवत होतं. तिथले फादर नंदगडचे, बोलणं अगदी आपल्यातलं. त्यांनी १९५९ सालचं दफनाचं जाडजूड पुस्तक काढलं आणि लॅटिनमधल्या ओळीवर बोट ठेवत मराठीत सांगितलं, “अंतोनियो देल फाब्रो. इटालियन. फरशी करणारा. वय बावन्न. ताप येऊन मृत्यू.”

दिपालीनं ते आडनाव तीनदा कागदावर लिहिलं. रविवारी आप्पांना वाचून दाखवलं.

“दलपाबरू?” आप्पा म्हणाले आणि हसले. “शहात्तर वर्सं मी मिस्त्री म्हणून काढली, आन् आडनाव निघालं दलपाबरू.”

ते हसले खरे, पण संध्याकाळी ती निघताना त्यांनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

पुढचा धागा सरकारी कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये मिळाला. निपाणी बेळगाव जिल्ह्यात असल्यानं परदेशी माणसांची नोंद इथं व्हायची. अर्ज, सही, पुन्हा अर्ज असं करत दीड महिन्यानं दिपालीला आत जायला मिळालं. तिथले देवाप्पा नावाचे कर्मचारी निवृत्तीला आलेले, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी १९३९ सालचं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि धुळीनं शिंकत म्हणाले, “तुमचा एक माणूस म्हणालात मेडम. इथं दोन हायत.”

दोन ओळी होत्या, एकाखाली एक. वर अंतोनियो देल फाब्रो, वय बत्तीस. खाली लुइजी देल फाब्रो, वय सत्तावीस, पहिल्याचा भाऊ. दोघंही फरशीचे कारागीर, मुक्काम निपाणी. शेवटचा रकाना ओळखखुणेचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट पहिल्या पेरापासून तुटलेलं’. पण ते अक्षर धड वरच्या ओळीत नव्हतं, धड खालच्या ओळीत नव्हतं. दोन्हींच्या मधोमध.

“हे कुणाचं बोट?” दिपालीनं विचारलं.

देवाप्पांनी चष्मा कपाळावर नेऊन पानाला नाक लावलं. “वरच्याचं लिवताना हात खाली आला असंल. नाहीतर खालच्याचं वर गेलं असंल. त्या कारकुनालाच ठाऊक, आन् त्यो आता कुठं घावायचा?”

रजिस्टरसोबतच्या फाइलमध्ये युद्धाच्या काळातले कागद होते. इटली इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरल्यावर दोघा भावांना उचलून घाटमाथ्यावरच्या एका छावणीत ठेवलेलं. चार वर्षं. मग १९४४ सालच्या मार्च महिन्यातले तीन कागद एकामागं एक. चार तारखेचा कागद म्हणत होता की निपाणीचे व्यापारी मारुतीराव यांच्या घराची फरशी अर्धवट आहे, त्यांच्या विनंतीवरून अंतोनियो देल फाब्रो या एका कारागिराला सोडायला हरकत नाही. अकरा तारखेचा कागद म्हणत होता, लुइजी देल फाब्रो विषमज्वरानं वारला. तेरा तारखेचा कागद म्हणत होता, अंतोनियो देल फाब्रोला छावणीतून सोडलं.

त्या रविवारी आप्पा अंगणात शेंगा निवडत बसले होते. तिनं सांगितलं तसे त्यांचे हात थांबले.

“मला चुलता व्हता?”

“व्हय आप्पा. लुइजी नावाचा. त्या छावणीत वारला.”

“बापानं कवा नाव काढलं न्हाय त्याचं.” “सख्खा भाऊ मेला, आन् दोन दिसांनी ह्यो बाहेर आला. कसा आला असंल गं?”

दिपालीला वाटलं, एवढं मोठं दुःख झालं म्हणून आजोबा पुढं गप्पच राहिले असतील. आपल्या मनाला तिनं तसं समजावलं आणि ती कामाला लागली.

दोघांचं जन्मगाव रजिस्टरात होतं, इटलीच्या उत्तरेकडचं सान मार्तिनो. तिनं तिथल्या नगरपालिकेला इंग्रजीत पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं आणि त्यानं आणखी घोळ झाला. अंतोनियोचा जन्म १९०७ चा. १९३३ मध्ये लग्न. १९३४ मध्ये मुलगी, नाव इनेस. लुइजीचा जन्म १९१२ चा, लग्न नाही, १९४४ मध्ये हिंदुस्थानात मृत्यू. शेवटी नगरपालिकेतल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘अंतोनियो यांच्या कन्या इनेस हयात आहेत. वय नव्वद. तुमचं पत्र त्यांच्याकडे पाठवलं आहे.’

दिपालीनं रविराजला फोन लावला.

“म्हंजे आज्याचं तिकडं एक लगीन झालंतं?” तो ओरडला.

“व्हय.”

“आन् आपल्या आज्जीशी दुसरं?”

“आज्जीशी लगीन लागल्याचा कागदच न्हाय रं. दुसरं तरी कसं म्हणू?”

“मग माझं काय व्हणार आता?”

तिनं फोन ठेवला. तिच्या डोक्यात रविराजचं काय होणार हा प्रश्नच नव्हता. सख्ख्या भावाला पुरून आलेला, पाच वर्षांची लेक मागं टाकलेला, आणि नागुबाईला यातलं अक्षरही न सांगणारा माणूस तिला नीट दिसेना. आप्पांना कसं सांगायचं हेही कळेना. त्यांच्या तोंडून ऐकलेला बाप निराळाच होता. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा करायला लावून, तो लाकडी पाटावर पालथा घालून दोऱ्यानं कापणारा. पोराला खांद्यावर घेऊन निपाणीचा बाजार दाखवणारा. तिनं आप्पांना त्या रविवारी काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

मग इनेसचं पत्र आलं. तिनं आपल्या भाषेत सांगितलेलं, नातीनं इंग्रजीत करून पाठवलेलं. दिपालीनं ते कॉलेजच्या जिन्यात उभ्यानं वाचलं.

‘मी पाच वर्षांची असताना वडील गेले. युद्ध संपल्यावर त्यांची दोन पत्रं आली. पहिल्यात होतं, लुइजी वारला. दुसऱ्यात होतं, मी परत येणार नाही, माझी वाट पाहू नका. खाली अंतोनियो अशी सही. आईनं ती पत्रं दिव्याजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाली, अक्षर बदललंय, म्हणजे माणूसही बदलला. त्यानंतर ती एकोणचाळीस वर्षं जगली. नवरा मेला असता तर तिनं काळे कपडे घातले असते, रडली असती, कदाचित पुन्हा लग्नही केलं असतं. पण तिचा नवरा जिवंत होता, आणि तिचा नव्हता. तुम्ही त्यांच्या दुसऱ्या घरातल्या. तुमच्यावर माझा राग नाही. पण त्या माणसाबद्दल मला काही कळवू नका. मला त्यांची एकच चांगली गोष्ट आठवते आणि तेवढीच ठेवायची आहे. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट मशीनमध्ये तुटलं होतं. ते अर्धं बोट नाकाला लावायचे आणि मला वाटायचं, अख्खं बोट आत गेलं. मी किंचाळायची. ते पुन्हा करायचे.’

दिपाली जिन्यातच बसली. तिला रडू येत होतं, आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात, रजिस्टरातलं कोडं सुटलं म्हणून बरंही वाटत होतं. बोट वरच्या ओळीतल्याचं. अंतोनियोचं. निदान एक गोष्ट तरी जागेवर बसली. आता आप्पांना सांगायला हवं होतं, आणि सुरुवात या बोटापासूनच करावी असं तिनं ठरवलं. गोष्ट हसरी होती, त्यामुळं पुढचं सोपं जाईल.

“आप्पा, तुमचा बाप अर्धं बोट नाकाला लावून गंमत करायचा व्हय?” तिनं रविवारी विचारलं.

“कसलं अर्धं बोट?”

“डाव्या हाताचं. तुटलेलं.”

आप्पांनी तिच्याकडं वेड्यासारखं पाहिलं. “माझ्या बापाचं बोट तुटलेलं कवा? धाच्या धा बोटं व्हती. त्या बोटांवर तर मी मोजायला शिकलो. उनो, दुए, त्रे. डाव्या हातापासनं सुरू करायचा. एकेक बोट माझ्या मुठीत द्यायचा.”

“नीट आठवा आप्पा.”

“अगं अकरा वर्सांचा व्हतो मी, तान्हा न्हवतो. शेवटच्या तापात त्याचे दोन्ही हात मीच चोळले.”

दिपालीनं मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. बोट इनेसच्या बापाचं. इनेसचा बाप अंतोनियो. आपला आजा अंतोन. आज्याला दहा बोटं. कुठंतरी कुणीतरी चुकत होतं. नव्वद वर्षांची म्हातारी चुकत असेल, किंवा शहात्तर वर्षांचा म्हातारा. नाहीतर कारकून. तिनं त्या दिवशी पत्रातलं सगळं आप्पांना वाचून दाखवलं, कारण आता लपवून ठेवणं तिलाच जड झालं होतं. ऐकून झाल्यावर आप्पा म्हणाले, “निपाणीत गंगव्वा हाय अजून. आईच्या बरोबरची. बापाच्या हाताखाली दगड घासायला हुती. तिला इचारू. मीबी येतो.”

गंगव्वा पंच्याण्णव वर्षांची. नातू प्रशिक बँकेत अधिकारी. त्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत ती खुर्चीवर बसली होती, पांढरं स्वच्छ पातळ, केस मागं चोपून बांधलेले. कान चांगले होते, डोळ्यांना कमी दिसायचं. रवळूंना जवळ बोलावून तिनं त्यांचा चेहरा हातानं चाचपला.

“नागूचा पोरगा! किती वर्सांनी आलास रं बाबा.”

दिपालीनं विचारलं, “आज्जी, तुम्ही इटलीच्या मिस्त्र्यांकडं कामाला कधी लागलासा?”

“धा वर्सांची हुते. आईसंगं जायची. दोघं भाऊ आलतं मारुतीरावांच्या घरात. थोरला लई बडबड्या. गाणी म्हणायचा, आम्हा पोरींना हसवायचा. धाकटा मुका. म्हंजे मुका न्हवं, बोलायचाच न्हाय. मग पोलीस आलं आन् दोघांना घेऊन गेलं. फरशी तशीच पडली अर्धी.”

“मग परत कोण आलं?”

“अंतोन आला. मी पंधराची झालते तवा.”

“अंतोन म्हणजे थोरला?”

आत कुकरची शिट्टी झाली. प्रशिकची बायको सुनयना चहा ठेवून गेली.

“मालक म्हणालं अंतोन आला, आम्ही म्हटलं अंतोन आला,” ती हळूहळू म्हणाली. “वाळून काटकी झालता. दाढी वाढलेली. मालकाला फरशी पुरी व्हायला पायजे हुती, आम्हाला काम पायजे हुतं. कोण कुणाच्या तोंडाकडं बघतंय? पर त्यो गाणं म्हणंना. मला वाटलं, भाऊ मेलाय बिचाऱ्याचा. त्याला जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, मिस्त्री, ती बोटाची गंमत करा की.”

“कसली गंमत?” दिपालीनं विचारलं.

“अशी.” गंगव्वानं आपलं बोट दुमडून नाकपुडीला लावलं. “थोरल्याचं बोट अर्धं हुतं न्हवं का. त्यो असं करायचा. मी गंमत करा म्हटलं, तर ह्यानं डावा हात पाठीमागं नेला. माझ्याकडं बघितलं. आन् खाली बसून फरशी घासाय लागला. मी घरला येऊन रडले त्या दिशी.”

“म्हणजे तुम्हाला कळलं?”

“पोरी, कळलं म्हंजे काय? मला एवढंच कळलं की थोरला आता कवाच येणार न्हाय.”

“कुणाला सांगितलं न्हाई?”

“कुणी इचारलंच न्हाय. तूच पयली.”

दिपालीनं आप्पांकडं पाहिलं. चहा त्यांच्या हातात तसाच होता, साय धरलेला. त्यांनी गंगव्वाला वाकून नमस्कार केला, बाहेर येऊन चपला घातल्या, आणि ते बेळगावच्या गाडीत जाऊन बसले. यमकनमर्डीच्या पुढं गेल्यावर त्यांनी खिडकीतून नजर न काढता विचारलं,

“मग माझ्या बापाचं नाव काय गं?”

“लुइजी.”

“लुइजी,” आप्पा म्हणाले. परक्या गावचं नाव उच्चारावं तसं. “आन् जो मेला म्हणून लिवलंय, त्यो अंतोन. माझा चुलता. आन् ती तिकडची म्हातारी माझी भण लागती.”

“चुलत बहीण.”

“आन् तिचा बाप मरून ऐंशी वर्सं झाली, आन् तिला ठावंच न्हाय.”

त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस दिपालीचे फार वाईट गेले. पुस्तकं देता-घेता ती मधेच थांबायची. त्या तीन तारखा तिला काही सुचू देईनात. चार तारखेला सुटकेचा हुकूम आला तो अंतोनियोच्या नावाचा. अकरा तारखेला अंतोनियो गेला. मग छावणीतल्या कुणी चुकून नावांची अदलाबदल केली, आणि लुइजीनं ती दुरुस्त केली नाही? की त्यानंच पुढं होऊन सांगितलं, मेला तो लुइजी, मी अंतोनियो? की मरताना थोरल्यानंच सांगितलं, माझा हुकूम घे आणि बाहेर जा? तिन्हींतलं कुठलंही खरं असू शकत होतं. एकही सिद्ध करता येत नव्हतं. आणि यातलं कुठलंही धरलं तरी ती दोन पत्रं उरायचीच. ती त्यानंच लिहिली होती, शुद्धीवर असताना, वहिनीला. खोटं उघडं पडलं तर पुन्हा आत टाकतील ही भीती असेल. पण युद्ध तर संपलं होतं. मग ‘अंतोनियो वारला’ हे दोन शब्द लिहायला त्याचा हात का वळला नाही? दिपाली इथवर यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

रविराजला मात्र यात गोंधळ दिसत नव्हता.

“आक्का, कागदावर सगळं जुळतंय. निपाणीत सुटून आला अंतोनियो, चर्चच्या बुकात अंतोनियो, आप्पांच्या शाळेच्या दाखल्यात बापाचं नाव अंतोन. वकील म्हणतोय, लगीन न्हाय तरी बघता येईल कायतरी. आन् लुइजी तर चव्वेचाळीस सालीच मेलाय कागदावर. मेलेल्या माणसाचा मी नातू कसा व्हणार? तू गप बस. त्या म्हातारीला तरी आता नव्वदीत कशाला तरास?”

दिपालीला त्याचा राग आला. पण म्हातारीला त्रास कशाला, हे त्याचं म्हणणं तिला झटकताही येईना. ‘त्या माणसाबद्दल काही कळवू नका,’ असं इनेसनंच लिहिलं होतं. आणि कळवायचं तरी काय? तुझ्या आईला चाळीस वर्षं लटकत ठेवणारा माणूस माझा आजा, हे?

तिनं फोन स्पीकरवर केला होता. आप्पा पलीकडं ओसरीत बसून ऐकत होते. ते उठून आले.

“रविराज, ऐक,” ते फोनजवळ वाकून म्हणाले. “बापानं एकदा त्या नावानं दार उघडून घेतलं. त्याच्यावर येळ तशी आली असंल, न्हायतर त्यो भ्याला असंल, मला ठावं न्हाय. तुझ्यावर काय येळ आलीया? तुझं पोट भरतंय न्हवं?”

“आप्पा, तसं न्हवं...”

“तसंच हाय. त्या नावाचा माणूस मातीत पडलाय, आन् त्याला त्याच्या घरचं कुणी रडलेलं न्हाय. आधी त्याला रडू दे त्यांना. मग तुझा कागद.”

रविराजनं रागानं फोन ठेवला. महिनाभर त्याचा फोन आला नाही.

आप्पांनी सांगायचं आणि दिपालीनं लिहायचं असं ठरलं. पण आप्पांचं सांगणं सरळ जाईना. आधी म्हणाले, “लिव, माझ्या बापाला माफ करा.” मग म्हणाले, “खोड ते. माफी मागणारा मी कोण, आन् तिनं का करावी?” मग म्हणाले, “त्यो वाईट न्हवता असं लिव.” आणि लगेच, “तिच्या आईला कसं पटंल ते?” शेवटी दिपालीनं फक्त घडलेलं लिहिलं. रजिस्टरातली ती मधली ओळ, तीन तारखा, गंगव्वानं सांगितलेली बोटाची गंमत, आप्पांच्या बापाची दहा बोटं. ‘आम्हाला जे कळलं ते असं आहे,’ तिनं लिहिलं. ‘तुमचे वडील तुम्हाला सोडून गेले नाहीत. ते ११ मार्च १९४४ ला वारले. ती पत्रं त्यांची नव्हती. पत्रं लिहिणारा आमचा माणूस होता. त्यानं असं का केलं ते आम्हाला माहीत नाही. तो कुणाजवळ बोलला नाही.’

पाकीट पोस्टात टाकल्यावर तिला हलकं वाटलं नाही. उलट रोज वाटायचं की आपण चूक केली. नव्वद वर्षांच्या बाईला ते झेपलं नसेल तर? तीन आठवडे गेले. पाच गेले. मधेच रविराजचा फोन आला. तो वकिलाबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, “ती छावणी कुठं हुती नक्की? सुट्टीवर आलो की आप्पांना घेऊन जाऊया. कबरी हायत का बघू.” दिपालीला फार बरं वाटलं.

सहाव्या आठवड्यात इनेसचं उत्तर आलं. यावेळी इटालियन कागदही सोबत होता, म्हातारीनं स्वतः लिहिलेला. थरथरती, वाकडी अक्षरं, आणि खाली नातीनं इंग्रजीत केलेलं. दिपाली ते घेऊन रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी बेळगुंदीला गेली. आप्पा गोठ्यात होते. हात धुऊन ते पायरीवर टेकले आणि ती एकेक वाक्य मराठीत करत वाचू लागली.

‘तुमचं पत्र नातीनं मला चार वेळा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी मला समजलं. काल मी चर्चमध्ये वडिलांच्या नावानं प्रार्थना सांगितली. आईच्या थडग्यावर जाऊन मोठ्यानं सांगितलं की तू विधवा होतीस. लोक माझ्याकडे बघत होते. लुइजी काकाची मला आठवण नाही. फोटोत तो वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. त्याचा राग करावा असं सकाळी वाटतं आणि संध्याकाळपर्यंत वाटेनासं होतं. पंचाहत्तर वर्षांहून जास्त मी चुकीच्या माणसावर रागावले. आता हा राग कुठं ठेवायचा ते मला समजत नाही. तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना समजतं का.’

दिपाली थांबली. गोठ्यात म्हैस खुट्याला डोकं घासत होती. आप्पांनी पत्र हातात घेऊन ती वाकडी अक्षरं पाहिली, जणू त्यांना ती वाचता येत होती.

“न्हाय समजत,” ते म्हणाले. “लिव तिला. म्हणावं, मलाबी न्हाय समजत. बाप आठवला की माया येती, आन् ती पत्रं आठवली की तोंड फिरवावंसं वाटतंय. दोन्ही एकदमच हुतंय.”

“आणखी काय लिहू?”

“चुलत्याची कबर बघायला जाणार हाय म्हणून लिव. घावली तर फोटो पाठवतो. न्हाय घावली तरी कळवतो.”

दिपालीनं पिशवीतून वही काढली. “सुरुवात कशी करू? मॅडम म्हणून?”

“मॅडम काय?” आप्पा चिडले. “माझ्यापेक्षा चौदा वर्सांनी थोरली हाय ती. आक्का म्हणून लिव.”